चौथा मुद्दा

निकाल पूर्ण न ऐकता मी कोर्टातून उठलो. माझी चूक एवढीच होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ती एवढीच नव्हती. आता पन्नाशी उलटली आहे, तेव्हा ती आहे तशी लिहून टाकतो.

या अंकाच्या संपादकांनी 'गाजलेल्या खटल्यांच्या आठवणी' मागितल्या. सत्तरच्या दशकात मी हिंगोलीच्या कोर्टात वार्ताहर म्हणून बसत होतो, त्यामुळे माझ्याजवळ अशा आठवणी पुष्कळ असतील असा त्यांचा अंदाज. आहेतही. पण त्यातला सर्वांत गाजलेला खटला सांगायचा तर माझ्या हातून काय झालं तेही सांगावं लागतं. एक झाकून दुसरं सांगता येत नाही.

हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हती, परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. आमचं दैनिक नांदेडला छापलं जाई. कोर्टाच्या वार्ताहराचं काम म्हणजे वकिलांची जुगलबंदी ऐकणं, असं लोकांना वाटतं. खरं काम वाट पाहण्याचं. साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. वकीलसाहेब परभणीला गेले, पुढची तारीख. शिपायाच्या पुकाऱ्याकडे कान लावून लिंबाखाली बसायचं, आणि पुकारा झाला की आत पळायचं. बातमी लिहून झाली की ती नांदेडला पोचवणं हे दुसरं काम, आणि तेच अवघड. ट्रंक कॉल लागेल तेव्हा लागे. तार करता येई, पण तारेत दहा-पंधरा शब्दांपलीकडे काय मावणार? म्हणून आमचा सगळा भरवसा एस.टी.वर. साडेतीनला नांदेडची गाडी सुटायची. कंडक्टरच्या हातात पाकीट दिलं की रात्रीच्या आत ते कचेरीत पोचे. त्यानंतरच्या गाडीनं पाठवलेली बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकात येत नसे.

माणसं एकेक भेटत. डोंगरकड्याचा एक शेतकरी मारामारीच्या केसमधून सुटला आणि दुसऱ्याच आठवड्यात मला शोधत आला. चेहरा लाल.

"पेपरात काठी काहून लिहिलं हो?"

"मग काय होतं?"

"कुऱ्हाडीचा दांडा होता! काठीनं तर लेकरंबी मारतेत."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही तर कोर्टात सांगितलंत की मी तिथं नव्हतोच."

"ते कोर्टात झालं. गावात आमाला इज्जत हाये का न्हाई?"

हा किस्सा मी चहाच्या टपरीवर कितीतरी वेळा सांगितला आणि दरवेळी हशा मिळवला. त्या माणसानं मला माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगून ठेवली होती, हे मात्र तेव्हा कळलं नाही. कोर्ट काय म्हणालं ते कोर्टात राहतं. गावात जातो तो पेपर.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आमच्या भागातल्या एका गावात देवीचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला. गावाचं नाव देत नाही, त्या वेळची माणसं अजून तिथं आहेत. गाव दोन दिवस बंद राहिलं. तहसीलवर मोर्चा आला. पुढाऱ्यांनी भाषणं केली, चोर आठ दिवसांत पकडा म्हणाले. चोर तिसऱ्याच दिवशी पकडला गेला, म्हणजे धनसिंग राठोड पकडला गेला.

धनसिंग गावाशेजारच्या तांड्यावरचा. दुष्काळी कामावर तलावाच्या भिंतीसाठी दगड फोडायला गेला आणि तिथल्या गवंड्याच्या हाताखाली काम शिकून आला. त्याच्या हाताला चांगली सफाई होती, म्हणून गावानं देवळाच्या शिखराचा गिलावा त्याला दिला होता. मुखवटा गेला त्या दिवशी त्याची शिडी देवळाला लागलेली होती. तेवढ्यावर तो नऊ महिने आत राहिला.

खटल्याला गर्दी उसळायची. गावातून बैलगाड्या भरून लोक यायचे. मी पहिल्या बाकावर बसायचो आणि माझी बातमी पहिल्या पानावर यायची, याचा मला गर्व होता. धनसिंगची बायको जमनाबाई प्रत्येक तारखेला यायची. आतल्या गर्दीत बाईला जागा मिळत नसे, म्हणून ती ओसरीवर खांबाला टेकून बसे. मी बाहेर आलो की उठून उभी राही.

"दादा, आज काय म्हणले आतमंदी?"

मी तिला सांगायचो. पुजाऱ्यानं काय सांगितलं, देवळाच्या कुलपाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या हे धनसिंगच्या खान वकिलांनी त्याच्याकडून कसं काढून घेतलं. ती ऐकून घ्यायची आणि एकच विचारायची, "मंग सुटंल ना?" मी म्हणायचो, "बघू." आतलं बाहेर सांगणारा तिला मी एकटाच होतो.

आता माझी हुशारी सांगतो. गाजलेल्या खटल्याचा निकाल दुपारी लागणार आणि गाडी साडेतीनला सुटणार, यात लिहायला वेळ कुठला? म्हणून मी निकालाच्या आदल्या दिवशीच दोन बातम्या लिहून ठेवत असे. एक शिक्षेची, एक सुटकेची. दोन पाकिटं. शिक्षेच्या पाकिटावर कोपऱ्यात लाल पेन्सिलची रेघ, सुटकेच्या पाकिटावर निळी. निकाल ऐकायचा, योग्य ते पाकीट घ्यायचं आणि स्टँडकडे पळायचं. दुसरं पाकीट घरी येऊन फाडायचं. नांदेडच्या कचेरीत सगळे म्हणत, "हिंगोलीची बातमी कशी काय वेळेवर येते!" मी कुणाला सांगितलं नाही.

धनसिंगच्या दोन्ही बातम्या मी मन लावून लिहिल्या. लाल पाकिटात लिहिलं, 'निकाल ऐकताच आरोपीने मान खाली घातली.' निळ्या पाकिटात लिहिलं, 'निकाल ऐकताच आरोपीने हात जोडले.' निकाल लागायचा होता आणि त्या माणसानं काय करायचं ते मी दोन्ही तऱ्हांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तेव्हा यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही.

निकालाच्या दिवशी जमनाबाई आली नव्हती, घरी लेकरू तापानं फणफणलं होतं. साहेब तीन वाजता बसले. बहुतेक न्यायाधीश शेवटचा हुकूम तेवढा वाचून दाखवत. या साहेबांना सगळा निकाल पहिल्यापासून वाचायची सवय होती, आणि तोही संथ आवाजात, इंग्रजीतून.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की निकालात आधी मुद्दे मांडतात आणि मग एकेका मुद्द्याचं उत्तर देतात. इथं चार मुद्दे होते. चोरी झाली हे शाबीत होतं का? होय. त्या दिवशी आरोपी देवळात होता का? होय. देवळाला लागलेली शिडी आरोपीचीच होती का? होय. तिसऱ्या 'होय'ला मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं. चौथा मुद्दा होता, मुखवटा आरोपीनंच चोरला का. साहेबांनी पाणी प्यायला पेला उचलला. मी इतके निकाल ऐकले होते की तीन होय झाल्यावर चौथं काय असणार हे मला ऐकायची गरजच वाटली नाही. मी खिशातलं लाल पाकीट चाचपलं आणि वाकून, बाकांच्या मधून बाहेर पडलो.

गाडी मिळाली. कंडक्टरनं पाकीट बॅगेत टाकलं. मी कॅन्टीनमध्ये निवांत चहा घेतला आणि शिक्षा किती वर्षांची झाली ते विचारायला कोर्टात परत आलो. फाटकातच खान वकील भेटले. पांढरीशुभ्र दाढी, तोंडात पान, खुशीत.

"कहाँ गायब झाले होते पत्रकार? ऐन वक्ताला उठून जाता! सुटला ना आपला माणूस. साफ सुटला. साहेब बोलले, शिडी लावणं म्हणजे चोरी करणं नव्हे."

गाडी केव्हाच निघून गेली होती.

इथपर्यंत झाली ती घाई. घाईला माफी असते. पुढं जे केलं ते सांगायला मला जास्त जड जातं.

मी पोस्टात गेलो. नांदेडचा ट्रंक कॉल लावला. पोस्टमास्तर म्हणाले, "लाइन बिझी आहे, बसा." मी बसलो. समोर तारेचे फॉर्म होते. एक ओढून मी लिहिलं, 'आरोपी निर्दोष. आधीची बातमी चूक. छापू नका.' एवढी तार तासाभरात नांदेडला पोचली असती. पण तारबाबू माझ्या ओळखीचा होता, रोज संध्याकाळी आमच्या टपरीवर बसणारा. त्यानं ही तार वाचली असती आणि उद्या सगळ्या हिंगोलीला कळलं असतं, की पहिल्या बाकावर बसणारा वार्ताहर निकाल न ऐकताच बातमी पाठवतो. मी तो फॉर्म हातात घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. मग त्याचे बारीक तुकडे केले. फोन लागेल, असं मनाला सांगितलं. फोन लागला नाही. पोस्ट बंद झालं आणि मी घरी गेलो.

सकाळी पहिल्या पानावर माझी बातमी होती, चार कॉलमांची. 'मुखवटा चोर दोषी.' मी कचेरीत कळवलं की ऐकण्यात गफलत झाली. दोन दिवसांनी आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली, दुरुस्तीच्या तीन ओळी आल्या. संपादक रागावले आणि विसरले. निळं पाकीट मी फाडणार होतो. का कोण जाणे, ते पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं.

त्या गावात काय झालं ते मला पाच वर्षांनी कळलं, आणि तेही माझ्याच दारात.

मी हिंगोलीत दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं होतं. एक दिवस कामावर गेलो तर घमेली वाहणाऱ्यांत एक माणूस माझ्याकडे पाहून थबकला. घमेलं खाली ठेवून म्हणाला, "दादा, तुमी कोर्टात पहिल्या बाकावर बसत होते ना? आमच्या बाईला सगळं सांगत होते."

तो धनसिंग होता. केस पिकले होते. मी विचारलं, "तुम्ही तर गवंडी. मग घमेली का वाहता?"

"गवंड्याला घरात घ्यावं लागतं, दादा. देवघराच्या भिंतीला, माजघराला. देवीच्या चोराला कोण घेईल?"

"पण तुम्ही सुटलात."

"सुटलो व्हय," तो म्हणाला आणि वाळूच्या ढिगावर बसला. दुपारच्या सुट्टीत, भाकरी खाता खाता त्यानं सांगितलं.

सुटला त्या रात्री तो खान वकिलांच्या ओट्यावर झोपला. सकाळी लेकरांसाठी बत्तासे आणि देवीसाठी नारळ घेतला आणि दुपारच्या एस.टी.त बसला. त्याच एस.टी.च्या टपावर पेपरचा गठ्ठा होता. गावात दोघं एकदमच उतरले, तो आणि माझी बातमी. तो आधी देवळाकडे गेला, कारण नवस होता. गठ्ठा बापूरावच्या हॉटेलात गेला. गावात पेपर एकच यायचा आणि शाळेचे गुरुजी तो हॉटेलात मोठ्यानं वाचून दाखवायचे. गुरुजींनी वाचलं की धनसिंग दोषी ठरला. तेवढ्यात कुणीतरी ओरडत आलं, धनसिंग देवळाच्या पायरीवर हाये.

"लोकाला वाटलं, जेलातून पळून आलो. मी म्हणून राहिलो, बाप्पाहो, साहेबानं सोडलं मला. तर म्हणतेत, कागद दाखव. कागद कुठला? वकीलसाहेब म्हणले होते नक्कल मिळायला आठ दिवस लागतेत. त्यायच्याजवळ तर कागद होता ना, पेपर. नारळ हातातून हिसकला. चावडीत कोंडलं. बाई आली, तापलेलं लेकरू खांद्याव घेऊन. मी खिडकीच्या गजातून, ती बाहेर. दिवस बुडताना चौकीवरून हवालदार आला, त्यानं खरं सांगितलं, तवा सोडलं. तरीबी म्हणतेत, पेपरात काय खोटं येतंय?"

बातमीचं कात्रण बापूरावनं खळ लावून हॉटेलच्या भिंतीवर डकवलं होतं. दुरुस्तीच्या तीन ओळी कुणी वाचल्या नाहीत. वर्षभर त्याला गावात कुणी बोलावलं नाही. मग जमनाबाई लेकरांना घेऊन शिरड शहापूरकडे माहेरच्या तांड्यावर गेली आणि तो इथं मजुरीला आला. मुखवटा काही आजवर सापडलेला नाही.

आठवडाभर माझ्याच घराच्या भिंतीसाठी तो माती वाहत होता आणि मी छत्री धरून उभा होतो. शनिवारी कामगार गेल्यावर त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. दोन पाकिटं, तिसरं होय, साडेतीनची गाडी, फाडलेली तार.

तो हातावरची वाळलेली माती खरवडत राहिला. मग म्हणाला, "चावडीत कोंडलं त्या रोजी बाई गजातून म्हणली, ते दादा आतमंदी असतील ना, ते बराबर लिहितील."

मी म्हटलं, "माझं चुकलं. मला माफ करा."

"मला काहून म्हणता? मला ठाऊकच हाये मी चोरलं न्हाई. जिथं वाचलं तिथं जाऊन म्हणा."

उठताना मी त्याला एक विचारलं. खरं तर ते पाच वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. निकाल लागला तेव्हा तुम्ही काय केलंत?

"काय करतो? सगळं इंग्रजीत. मला समजलंच न्हाई. वकीलसाहेबानं पाठीव थाप मारली तवा कळलं. घसा सुकला होता. पाणी मागितलं."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सांगत बसायला नको. माझ्या घराचा गिलावा धनसिंगनं केला. त्यानंतर गल्लीतल्या दोन घरांचा केला. त्या गावात राहायला तो परत गेला नाही. एकदा देवळाचं शिखर दुरुस्त करायला गावकऱ्यांनी बोलावलं तेव्हा गेला आणि काम करून आला. मी कोर्टात पुढंही बसलो, पण आधी लिहून ठेवणं कायमचं बंद केलं आणि साहेब उठल्याशिवाय उठलो नाही. माझ्या निम्म्या बातम्या एक दिवस उशिरा छापल्या जात. कचेरीतले म्हणत, हिंगोलीचा वार्ताहर म्हातारा झाला. मी तेव्हा पस्तिशीतही नव्हतो.

धनसिंग म्हणाला होता तसं, जिथं वाचलं तिथं म्हणायला आम्ही दोघं गेलो, तो गावच्या बाजाराचा दिवस होता. बापूरावचं हॉटेल माणसांनी भरलं होतं. भिंतीवर भट्टीच्या धुरानं काळवंडलेलं कात्रण होतं, अक्षर दिसत होतं. गुरुजी कोपऱ्यात चष्मा पुसत बसले होते. धनसिंगला पाहून माना वळल्या. मी बाकावर उभा राहिलो आणि म्हणालो, "मी ती भिंतीवरची बातमी लिहिणारा माणूस. ती खोटी आहे. खरी बातमी मी पाच वर्षं पेटीत ठेवली होती. आज ती वाचून दाखवायला आलो आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "पाच वर्सांनी? पेपरवाले लईच झपाट्याचे दिसतेत!" सगळे हसले. मी खिशातून निळं पाकीट काढलं.

गुरुजी उठून माझ्या बाकाजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्या दिवशी वाचलं होतं मी. वाचा तुम्ही. मी इथंच उभा आहे."

मी पाकीट उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. पुजाऱ्याची साक्ष, तीन किल्ल्या, शिडी. त्या वेळी न ऐकलेला चौथा मुद्दा मी नंतर नकलेवरून उतरून घेतला होता, तोही वाचला. मुखवटा आरोपीने चोरला का? नाही. शेवटच्या ओळीशी आलो, 'निकाल ऐकताच आरोपीने हात जोडले,' आणि थांबलो. खिशातली पेन्सिल काढली, ती ओळ खोडली. धनसिंग दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आत आला नव्हता. त्याच्याकडे पाहून मी वाचलं, "निकाल लागल्यावर आरोपीने पाणी मागितले." मग कागद खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"हे पाहायला मी तिथं थांबलो नाही. आणि बातमी चुकली हे कळल्यावरही, माझी लाज वाचावी म्हणून गप्प बसलो. धनसिंगभाऊ, तुम्ही चोरी केली नव्हती. खोटं मी लिहिलं होतं. तुमची, जमनाबाईंची आणि या गावाची मी माफी मागतो."